बिनमातीची काकडी: शेंडा पिवळा, शिरा हिरव्या. टाकीत काय कमी पडतंय?

शेडनेट_औसा

राम राम मंडळी. फोटो काढले होते, पण शेडनेटच्या हिरव्या उजेडात सगळंच हिरवं दिसतं, म्हणून लिहूनच सांगतो.

५ गुंठे शेडनेट, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बॅगा, बिनबियांची काकडी, लावून ४२ दिवस झाले. दिवाळीनंतरचं पीक विहिरीच्या पाण्यावर काढलं, तेव्हा एक पान पिवळं पडलं नाही. मार्चात विहीर तळाला गेली, तेव्हापासून बोअर. आता बारा दिवस झाले, शेंड्याकडची तीन-चार पानं पिवळी पडायलीत. शिरा मात्र हिरव्यागार, पानावर जाळं टाकल्यासारख्या. अगदी वरचं पान पांढरट, कागदासारखं. खालची पानं गेल्या आठवड्यापर्यंत चांगली होती, आता त्यांच्या कडा करपायल्यात.

ईसी (पाण्यात विरघळलेल्या खत-मिठाचं माप) २.४ होती, पीएच ६.०. दुकानदार म्हणाला, शिरा हिरव्या म्हणजे मॅग्नेशियम कमी. हजार लिटरच्या हिशोबानं अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट जास्तीचं सोडलं. फरक शून्य. मग वाटलं झाडं उपाशीच आहेत, सगळंच वाढवून ईसी ३.० वर नेली. कडा करपणं त्यानंतरच सुरू झालं, हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय. घट्ट खताच्या दोन टाक्या आहेत, अ आणि ब; त्यातल्या अ च्या तळाला पांढरा गाळ बसतो आणि ड्रिपर दर चार दिवसाला काढून धुवावे लागतात.

वडील रोज सकाळी नेटच्या दारात उभं राहून विचारतात, "मातीच नाही तर केवडा कुठून आला?" केवडा म्हणजे त्यांच्या भाषेत पान पिवळं पडणं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं पाण्यावर शेती करायला निघालेला म्हणून गावात आधीच माझं नाव झालंय. कुणी जाणकार असेल तर सांगा.

पंपवाला_२२

ग्रेड २ मायक्रोन्यूट्रियंटचे (फवारायच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाचे) दोन फवारे घ्या, चार दिवसाच्या अंतरानं. होतंय हिरवं. टेन्शन घेऊ नका.

बोअरवाला_काका, अंबाजोगाई

फवाऱ्यानं हे पान हिरवं होईलही, पण पुढचं पिवळंच येईल. मग काय जन्मभर फवारत बसायचं?

बाळा, आधी पान कुठलं ते बघ, रंग नंतर. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम यांची टंचाई झाली की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून चढतो. लोह, कॅल्शियम, बोरॉन जुन्या पानातून असं हलत नाहीत, त्यांची टंचाई शेंड्याला दिसते. तुझा शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या, म्हणजे पहिला संशय लोहावर. मॅग्नेशियम असतं तर खालच्या पानात शिरांमधली जागा आधी पिवळी झाली असती. दुकानदारानं शिरा बघितल्या, पान बघितलं नाही.

खात्री करायची तर एक सोपा प्रयोग आहे. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (लोहाचं सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्व. संध्याकाळी एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावरच कुंच्यानं लाव, अर्धा कोरा सोड. पाच-सहा दिवसांनी लावलेल्या बाजूला हिरवे ठिपके उमटले तर लोहच. काहीच नाही झालं तर मँगनीजकडे बघायचं, दोन्हींचा तोंडवळा जवळपास सारखा असतो.

आता मुद्द्याचं. टाकीत लोह नाही असं मला वाटत नाही. ताटात वाढलेलं आहे, घशाखाली उतरत नाही. आपलं बोअरचं पाणी म्हणजे काळ्या पाषाणातलं, बायकार्बोनेटनं, म्हणजे आम्ल मारणाऱ्या क्षारानं, भरलेलं. पीएच वर ओढत राहतं. स्वस्तातलं ईडीटीए लोह (रसायनात बांधून विरघळतं ठेवलेलं) साडेसहाच्या वर टिकत नाही. तिथून पुढं ते टाकीत असून नसल्यासारखं.

तू म्हणशील पीएच तर ६.० आहे. मीटर शेवटचा कधी तपासलास? मी दोन वर्षांपूर्वी महिनाभर लोह ओतत होतो, हजारांनी पैसे घातले. मीटर रोज ५.९ दाखवायचा. मग एकदा सहज ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवला तर तिथंही ५.९! काचेचा बल्ब डबीत कोरडा ठेवून मीच मारला होता. घरात मी कुणाला सांगितलं नाही, पहिल्यांदा इथं लिहितोय.

तेव्हा एवढं कर आणि आकडे टाक: मीटर ७ आणि ४ च्या बफरमध्ये बुडवून बघ. बॅगेखालून निथळणारं पाणी वाटीत धर, त्याचा पीएच-ईसी घे, टाकीचा नको. बोअरचं पाणी तपासायला दे, बायकार्बोनेट लिहून मागून घे. गाळ वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाक, फसफसला तर चुना. आणि मॅग्नेशियम सल्फेट कुठल्या टाकीत ओतलंस?

परभणीची_ताई

काकांशी सहमत. फक्त एक, दादा, तुमच्या वडिलांच्या "केवड्या"वरून. वेलवर्गीय पिकात केवडा म्हणजे बुरशीचा रोगही. पान उलटं करून बघा. शिरांच्या मध्ये कोनाकोनाचे डाग आणि खाली करडी-जांभळट बुरशी असेल तर ती गोष्ट वेगळी, तिला लोह कितीही द्या. उन्हाळ्यात लाल कोळीही पान फिकट करतो, पण त्याचे बारीक ठिपके असतात, शिरांची जाळी दिसत नाही. आणि एक बॅग फाडून मुळं बघा. तपकिरी, वास मारणारी असतील तर पीएच सुधारूनही लोह घेणार नाहीत. या उन्हात बॅग तापते आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो.

शेडनेट_औसा (सहा दिवसांनी)

काका, आधी तुमच्या पाया पडतो. ७ च्या बफरमध्ये माझा मीटर ६.१ दाखवायला. नवा आणला. निथळ पाणी: पीएच ७.६, ईसी ४.६. पाण्याच्या रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट लिटरला ६ मिलीइक्विव्हॅलंट. ताई, पान खालून स्वच्छ आहे, मुळं पांढरी आहेत.

गाळ व्हिनेगरमध्ये फसफसला नाही. मॅग्नेशियम सल्फेट मी अ मध्येच ओतलं होतं, त्यात जागा होती म्हणून.

कुंच्याचा प्रयोग केला. काल सकाळी पान बघितलं तर अर्धं पिवळं, अर्ध्यावर हिरवे शिंतोडे, जणू पोरानं ब्रश झटकलाय. वडिलांना दाखवलं. त्यांनी दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाले, "मग सगळ्यालाच लाव की."

बोअरवाला_काका, अंबाजोगाई

वडिलांना नमस्कार सांग.

फसफसला नाही म्हणजे चुना नाही, तुझी रेसिपी बघता जिप्समच, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. अ मध्ये कॅल्शियम नायट्रेट, त्यात तू सल्फेट घातलंस. शंभरपट घट्ट द्रावणात ते दोघं भेटले की खाली बसणारच. कॅल्शियम आणि लोह अ मध्ये, सगळी सल्फेट आणि फॉस्फेट ब मध्ये. अ रिकामी करून धू.

पाण्याचं गणित: बायकार्बोनेट ६ पैकी १ राहू दे, ५ मारायचे. ६० टक्क्यांच्या नायट्रिक ॲसिडचा हिशोब हजार लिटरला साधारण ३८० मिली येतो. पण माझ्या आकड्यावर डोळे झाकून ओतू नकोस. आधी १० लिटरच्या बादलीत ३.८ मिलीपर्यंत थोडं थोडं करून बघ, ढवळ, रात्रभर ठेव, सकाळी पीएच परत मोज. गॅस उडून गेला की थोडा वर चढतो. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कॅन उघडायचा नाही. लहान पोरं असतील तर कॅनला कुलूप.

फॉस्फरिकनं करू नको. एवढं बायकार्बोनेट मारायला लागेल तेवढ्यातून १५५ पीपीएमच्या (लिटरला मिलीग्रॅम) आसपास स्फुरद जाईल, ते लोहाला आणि कॅल्शियमला परत धरून बसेल. नायट्रिकमधून मात्र ७० पीपीएम नत्र येतं, तेवढं खतातून कमी कर. पाण्यात कॅल्शियम किती ते रिपोर्टमध्ये बघ, त्यावर कॅल्शियम नायट्रेट कमी करायचं ठरव.

निथळाची ईसी ४.६ म्हणजे बॅगेत मीठ साठलंय, कडा त्यानंच करपल्यात. दोन दिवस ॲसिड केलेलं, ईसी दीडच्या आसपासचं पाणी भरपूर सोड, निथळाची ईसी तीनच्या खाली येईपर्यंत. नंतर रोज दिलेल्या पाण्यातला पाव हिस्सा तरी खाली निथळू दे. आपल्या भागात हे जिवावर येतं, मला कळतंय. ते पाणी नेटबाहेरच्या नारळाला सोड.

लोह ईडीडीएचए घे (चढ्या पीएचलाही टिकणारं), ६ टक्क्यांचं, हजार लिटरला ५० ग्रॅम म्हणजे ३ पीपीएम. पाणी लाल होईल, घाबरू नको. टाकी झाकून ठेव, उन्हानं ते मोडतं.

शेडनेट_औसा (अजून अकरा दिवसांनी)

शेंड्याची नवी तीन पानं हिरवी आलीत. निथळाचा पीएच ६.३, ईसी २.८. आधीची पिवळी तशीच आहेत. खालची करपलेली काढून टाकू का?

बोअरवाला_काका, अंबाजोगाई

पिवळी राहू दे, जमेल तेवढं काम करतात. करपलेली काढ, पण एका दिवशी झाडाला दोनच, आणि सकाळी.