चर्चा धागा: तेराव्यानंतर काय? दुःखात नेम धरावा की आधी अर्थ शोधावा?

नित्यनेमी
नाशकात रामकुंडावर दहावा होतो, तेराव्याला गोडाचं जेवण होतं आणि पाहुणे आपापल्या गावाला लागतात. तोवर घरातल्या माणसाच्या हाताला रोज काही ना काही काम असतं. दिवा विझू द्यायचा नाही, पिंडाची तयारी करायची, कावळा शिवेपर्यंत थांबायचं. चौदाव्या दिवशी सकाळी उठल्यावर हात रिकामे. नेमकं तेव्हाच कुणीतरी येऊन सांगतं, "यातही देवाचा काहीतरी हेतू असेल."

माझं मत ठाम आहे. पहिलं वर्ष अर्थ शोधायच्या भानगडीत पडू नये. छोटा, ठरलेला नेम धरावा. छोटा म्हणजे एक माळ. 'रामकृष्णहरी' म्हणत 108 मणी ओढायला पाच-सहा मिनिटं लागतात. मणी मधल्या बोटावर घेऊन अंगठ्याने ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची, माळेच्या टोकाचा मेरूमणी आला की ओलांडायचा नाही, तिथूनच उलटं फिरायचं. वेळ दिवेलागणीची, कारण घर सर्वांत जास्त खायला उठतं ते तेव्हा. पुटपुटत किंवा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात केलेला जप शोकात दोन मिनिटंही टिकत नाही, मन दवाखान्याच्या खोलीत जाऊन बसतं.

बिघडतं कुठे, तर संकल्पात. दुःखातला माणूस एकदम सव्वा लाख जपाचा संकल्प सोडतो. हिशोब करून बघा: सव्वा लाख म्हणजे 1158 माळा. चाळीस दिवसांत करायच्या तर रोज 29, म्हणजे जवळजवळ तीन तास. नवव्या-दहाव्या दिवशी खंड पडतो आणि आधीच्या दुःखात "माझ्याकडून एवढंही झालं नाही" याची भर पडते. दुसरी चूक गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर बसण्याची. माळ हातात राहते आणि डोळे फोटोत. निदान पहिले तीन महिने जागा वेगळी ठेवा.

धम्मपथिक
नम्रपणे विरोध नोंदवतो. तुम्ही सांगताय ते मनाला दुसरीकडे गुंतवणं आहे. दुःख तिथेच राहतं, फक्त त्यावर नामाची चादर पडते. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस नेमकं याच्या उलट शिकवतात. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान: नाकपुड्यांशी आणि वरच्या ओठावर श्वासाचा स्पर्श जाणायचा, शब्द नाही, रूप नाही, मंत्र नाही. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागाची संवेदना बघत जायचं. छातीत दगड ठेवल्यासारखं वाटतं ना, त्याला "शोक" असं नाव न देता तो जडपणा कुठून कुठवर आहे, गरम आहे की थंड, वाढतोय की ओसरतोय, एवढंच बघायचं. तो बदलतो. शोकसुद्धा एकसलग नाही, येतो आणि जातो, हे अंगाला कळतं. कुणाच्या प्रवचनातून ते कळत नाही.

मूल गेलेल्या किसा गोतमीला बुद्धांनी मूठभर मोहरी आणायला सांगितली, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून. मंत्र दिला नाही. दारोदार फिरून तिने स्वतः पाहिलं.

मानसोपचार_कॉलेजरोड
दोघांनाही एक प्रश्न: कोणत्या महिन्यात?

धम्मपथिक, तुम्ही पद्धत बरोबर सांगितलीत, पण पहाटे चारला उठून दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक, दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे सोबतच्यांशी बोलणं नाही, खुणाही नाहीत, फोन जमा. चौथ्या दिवसानंतर अधिष्ठानाच्या बैठका, तासभर हात, पाय, डोळे न हलवता. अपघातात किंवा आत्महत्येत माणूस गेलं असेल तर डोळे मिटले की तेच दृश्य पुढे उभं राहतं, आणि बोलायला शेजारी कुणी नसतं. अशा वेळी शांत बसण्यातूनच धडधड, घाम, गुदमरणं सुरू होऊ शकतं. शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधांबद्दल विचारतात ते यासाठीच. तो रकाना खोटा भरणं धोक्याचं आहे. शिबिरात जागा मिळावी म्हणून गोळ्या एकदम बंद करणं तर फारच वाईट.

ताज्या शोकात डोळे उघडे ठेवून करायची साधना बरी: चालताना पावलं मोजणं, मोठ्याने म्हणणं, चार जणांत बसून टाळ धरणं. त्या अर्थाने नित्यनेमींची माळ सुरक्षित आहे. पण माळ हे औषध नव्हे. दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, किंवा आपणही जावं असं वाटतंय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला वेगळं स्थान आहे. किमान सहा महिने उलटूनही तीव्र ओढ आणि वेदना तशीच राहिली, रोजची कामं अडली, तर त्यावर वेगळे उपचार आहेत. "नाम घ्या, सगळं ठीक होईल" म्हणत वर्ष घालवू नका.

येवलेकर
या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली आहे: दुःख आभाळातून पडतं आणि आपण फक्त ते पचवायचं. धाग्याची सुरुवात मृत्यूपासून झाली म्हणून ते खपून गेलं. पण याच नाशकात 2 मार्च 1930 ला अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दारं बंद होती. त्या दारासमोर उभ्या असलेल्यांना कुणी श्वास बघायला सांगितलं असतं तर? त्यांच्या दुःखाला करणारे हात होते. पाच वर्षं झगडून दार उघडलं नाही, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांवरच प्रश्न ठेवला: जन्मच दुःख, मरणही दुःख असं म्हटलं तर माणसाला आशा कुठे उरते?

माझा आक्षेप साधनेला नाही, 'प्रारब्ध' या शब्दाला आहे. नवऱ्याच्या माराला, सावकाराच्या तगाद्याला, ऑक्सिजनवाचून झालेल्या मृत्यूला "मागच्या जन्मीचं" म्हटलं की गुन्हेगार मोकळा सुटतो आणि सोसणारीच दोषी ठरते. आधी विचारा, हे कुणी केलं? उत्तर मिळालं तर तक्रार लिहा, कागद जमवा, संघटनेकडे जा. उत्तर मिळालं नाही, तर मग माळ घ्या.

नित्यनेमी
येवलेकर, हा मुद्दा मला पूर्ण मान्य. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखापुरता कुणी वापरला तर वापरो, दुसऱ्याच्या दुःखाला तो लावायचा हक्क कुणालाच नाही. फक्त "आधी आणि मग" हा क्रम पटत नाही. तक्रार लिहिणाऱ्या माणसालाही संध्याकाळ असतेच. कोर्टाच्या तारखा वर्षानुवर्षं चालतात, तोवर सहा मिनिटांचा नेम लढाईच्या आड येत नाही.

पंचवटी_याज्ञिकी
विधींबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण इथे सगळे ते टाळताहेत. नित्यनेमी म्हणतात चौदाव्या दिवशी हात रिकामे होतात. परंपरेत ते रिकामे नव्हते. वर्षभर दर महिन्याला मासिक श्राद्ध होतं आणि सपिंडीकरण, म्हणजे गेलेल्याला पितरांत मिळवण्याचा विधी, वर्ष संपताना. आता सोयीसाठी सगळी मासिकं ओढून घेऊन बाराव्या दिवशीच उरकतात. म्हणजे वर्षभर पुरवून वापरायचा आधार एका दुपारी संपतो. ज्यांना जमेल त्यांनी दर महिन्याला त्या तिथीला निदान तिलांजली द्यावी: पाणी, काळे तीळ, दर्भ, दक्षिणेकडे तोंड, अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडायचं. दहा मिनिटांचं काम आहे. शोकाला महिन्यातून एक ठरलेली जागा मिळाली की तो उरलेले दिवस थोडे मोकळे सोडतो.

त्र्यंबकेश्वरी पितृदोषासाठी करतात तो नारायण-नागबळी विधी तीन दिवसांचा असतो, त्रिपिंडी श्राद्ध एका दिवसाचं. करायला हरकत नाही, पण "केला नाही म्हणून घरात मृत्यू झाला" असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं. भीती दाखवून सोडवलेला संकल्प सुटत नाही, दरवर्षी नवा दोष सापडतो. कर्ज काढून विधी करायची गरज नाही. आणि एक विरोध: फोटो पहिले तीन महिने दूर ठेवा हे मला मान्य नाही. काही घरांत त्या फोटोला रोज फूल वाहणं हाच नेम असतो. तो तोडू नका.

त्र्यंबकची_पायवाट
अर्थ शोधायचा नाही म्हणता, तर मग पौष वद्य एकादशीला दिंड्या त्र्यंबकला कशासाठी येतात? निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी उभं राहून जरा क्रम आठवावा. समाजाने वाळीत टाकलेलं घर, आईवडिलांचं देहान्त प्रायश्चित्त. कार्तिक वद्य त्रयोदशीला, 1296 मध्ये, आळंदीत ज्ञानदेव गेले. पुढच्याच महिन्यात सासवडला सोपान. मग मुक्ताबाई. सगळ्यांत थोरला भाऊ, स्वतः गुरू, आणि आठ महिन्यांच्या आत धाकटी तिन्ही भावंडं त्याच्या आधी. ज्ञानदेवांच्या समाधीवरच्या नामदेवांच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक आहे, तो झाकलेला नाही. ज्ञानदेवांच्या गुरूलाही रडू आवरलं नाही, हे वारकऱ्यांनी सातशे वर्षं गाऊन जपलं. दुःख झालं म्हणजे साधना कमी पडली असं समजणाऱ्याला याहून मोठा आधार कोणता? माझ्या लेखी हाच अर्थ, आणि तो पहिल्या दिवसापासून लागतो. नेम करायचा तर कशाच्या बळावर?

मानसोपचार_कॉलेजरोड
हे मी जपून ठेवतो. समोरच्याचं ऐकताना "रडू नका" म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मात्र ते सांगायची घाई नको. पहिल्या भेटीत ऐका, गेलेल्या माणसाचं नाव घ्या. निवृत्तिनाथ पुढच्या भेटीत.

धम्मपथिक
एक दुरुस्ती स्वीकारतो: ताज्या आघातात थेट दहा दिवसांना पाठवू नये. पण चादरीचा मुद्दा सोडलेला नाही. नित्यनेमी, सहा महिन्यांनी माळ झाल्यावर पाच मिनिटं काहीही न म्हणता बसायला सांगाल का?

नित्यनेमी
सांगेन. दार उघडं ठेवून, आणि घरात कुणीतरी असताना.