मदत हवी आहे: आज्जीची बोरमाळ मोडायची आहे, पण नव्या दागिन्यात सोनं तेच हवं

मांजराकाठची

नमस्कार मंडळी. माहेर अंबाजोगाईजवळचं, राहायला लातूरला. वैशाखात लेकीचं लग्न आहे आणि एका गोष्टीपाशी महिनाभर अडकून पडले आहे. सोन्यातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपा करून वाचा.

माझ्याकडे आज्जीची बोरमाळ आहे. ७२ च्या दुष्काळात ती सावकाराकडे गहाण पडली. आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. माळ सोडवून आणायला पुढं सहा वर्षं गेली. ती घरी आली त्या रात्री आज्जीनं देवापुढं बसून एकेक मणी मोजला, चाळीसच्या चाळीस भरले, असं आई सांगायची. आता दोरा कुजलाय, काही मण्यांना चीर गेलीय आणि चिरेतून आतली लाख दिसते. लेकीला जड काही घालवत नाही. ती म्हणते, "आई, बारीक चेन आणि छोटं पदक कर, पण आज्जीचंच सोनं पाहिजे." तिची आणखी एक अट आहे, नवं खाणीतलं सोनं आणि नवा खडा घ्यायचा नाही. छोट्या खाणींत पारा वापरून सोनं काढतात, तो पारा माणसांच्या अंगात आणि नदीत जातो, हे तिनं वाचलंय. मला तिचं पटतं.

एका मोठ्या दुकानात गेले. त्यांनी मशीनवर मणी ठेवला, आकडा आला ८४. माळेचं एकूण वजन २१.४०० ग्रॅम. लाख वजा जाता १२-१४ ग्रॅम सोनं धरू, मोडीत घेऊ, आणि त्या किमतीत तयार दागिना निवडा म्हणाले. माझं सोनं कुठं जाणार विचारलं तर, "ते गाळायला जातं मॅडम, सगळ्यांचं एकत्रच." मी माळ उचलून परत आले.

गावाकडचे जुने सोनारकाका म्हणतात, "तू समोर बस, मूस तुझ्यासमोर ओततो, तुझं सोनं तुझ्याच अंगावर." पण त्यांच्याकडे हॉलमार्क नाही, आणि पावती म्हणजे साधी चिठ्ठी. घरचे म्हणायलेत, असं बिनहॉलमार्कचं करू नको, उद्या मोडायची वेळ आली तर कोण विचारणार?

तर ८४ चं सोनं म्हणजे नेमकं काय? ते २२ कॅरेटचं करता येतं का? समोर घडवून घेताना काय बघायचं, काय लिहून घ्यायचं? आणि आज्जीच्याच मोत्यांच्या कुड्या आहेत, त्यांच्या मधल्या लाल खड्याला एक जण माणिक म्हणतो, दुसरा काच म्हणतो. तो पदकात बसवायचा विचार आहे. ओळखायचा कसा?

जालनेकर

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या सोनारकाम झालं. मी आता धंद्यात नाही, पण वडिलांच्या शेजारी बसून शेगडी फुंकली आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी ८४ चं. शंभर भागांत ८४ भाग शुद्ध सोनं, बाकी तांबं-चांदी. २२ कॅरेट म्हणजे ९१.६, १८ म्हणजे ७५. जुने दागिने गावच्या सोनारानं कसोटीच्या दगडावर घासून घडवलेले, त्यात असा आकडा येणं नेहमीचं आहे. त्यात लबाडीच असेल असं नाही. बोरमाळेचा पत्रा पातळ असतो, थोडं कडक सोनं लागतंच.

हे २२ चं करायचे दोन रस्ते आहेत. एक, शुद्ध सोनं मिसळायचं. आता हिशोब बघा. १२ ग्रॅम ८४ टक्क्यांचं सोनं ९१.६ ला न्यायचं तर जवळजवळ ११ ग्रॅम नवं शुद्ध सोनं घालावं लागतं. म्हणजे निम्मं सोनं बाजारातलं, तुमच्या लेकीची अट तिथंच मोडली. दुसरा रस्ता, तेजाबानं शुद्ध करायचं आणि मग हवा तेवढा मिलाव द्यायचा. १२ ग्रॅमचे ११ ग्रॅम हातात येतील. पण एवढ्याशा सोन्यासाठी कुणी वेगळी भट्टी लावत नाही, दहा जणांच्या मालात तुमचंही पडतं. शिवाय तेजाबाची वाफ कारागिराच्या छातीत जाते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ते २२ चं करूच नका. हॉलमार्कमध्ये २० कॅरेट हा मान्य दर्जा आहे, त्याचा आकडा ८३३, म्हणजे ८३.३ टक्के. तुमचं ८४ आहे. आज्जीचं सोनं आहे तसं, एक गुंजही बाहेरचं न घालता, त्या दर्जात बसू शकतं. दुकानात २२ आणि १८ च ऐकायला मिळतं, म्हणून लोकांना हे ठाऊक नसतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. मशीन फक्त वरचा थर वाचतं. खरा आकडा सगळे मणी वितळून एकजीव लगड झाल्यावर कळेल. लगडीचा तुकडा हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या आणि मगच घडवायला द्या. ८३.३ च्या खाली निघालं तर २० चा शिक्का मिळणार नाही, हे आधी कळलेलं बरं.

परभणीचा पाहुणा

हॉलमार्कबद्दल थोडं. १६ जून २०२१ पासून तो ठरावीक जिल्ह्यांत सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की नग कुणी, कुठं तपासला ते दिसतं. पण वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेल्या सोनाराला ही सक्ती नाही, तेव्हा तुमचे काका काही बेकायदा करत नाहीत. फक्त शिक्का हवा असेल तर माल नोंदणी असलेल्या सराफामार्फतच जावा लागतो. शिक्का नको, नुसती शुद्धता कळायला हवी असेल तर तुम्ही स्वतः केंद्रात दागिना घेऊन जाऊ शकता. चार नगांपर्यंत २०० रुपये लागतात, लेखी अहवाल मिळतो. मी बायकोच्या पाटल्या अशाच तपासून घेतल्या.

कराचंही बघा. मोड देऊन तयार दागिना घेतला तर नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर ३ टक्के जीएसटी. आपलं सोनं देऊन घडवून घेतलं तर नोंदणी असलेला सराफही फक्त मजुरीवर ५ टक्के लावतो.

खडेवाली

मांजराकाठची ताई, खड्याबद्दल मी सांगते. रत्नशास्त्राचा अभ्यास केलाय, आता मुंबईत असले तरी मूळची नांदेडची.

तुमच्यासमोर दोन नाही, तीन शक्यता आहेत. खरं माणिक, काच, आणि प्रयोगशाळेत बनवलेलं माणिक. तिसरी शक्यता लोक विसरतात. ज्वालेत भुकटी वितळवून माणिक बनवायची रीत १९०२ पासून जगाला माहीत आहे. त्यामुळे "आज्जीच्या काळात कुठलं आलं कृत्रिम" असं म्हणता येत नाही, जुन्या कुड्यांत आणि नथींत असे खडे भरपूर सापडतात. रसायन तेच, कडकपणा तोच. माणिक ९ कडकपणाचं, काच साधारण साडेपाचची. म्हणून जुन्या काचेच्या खड्याच्या कडा झिजून गोल होतात, माणकाच्या धारदार राहतात. दहापट भिंगातून बघितलं तर काचेत गोल बुडबुडे दिसतात, ज्वालेतल्या माणकात वाकड्या, कमानीसारख्या रेषा दिसतात, आणि खाणीतल्या माणकात बऱ्याचदा रेशमाच्या तंतूंसारख्या बारीक सुया. हे नुसतं भिंगातून ओळखायला सराव लागतो. घरी घासून, तापवून बघू नका. जुन्या कुड्यांत खड्यामागं चमकीचा पातळ पत्रा असतो, रंग त्याचाही असू शकतो, म्हणून खडा कोंदणातून बाहेर काढल्याशिवाय कुणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया किंवा जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), दोन्हीकडे सुट्या खड्याचा अहवाल मिळतो.

काकांना एक सांगाच. जोड देताना खडा आणि मोती आधी काढून ठेवायचे. मोत्याला आग आणि तेजाब दोन्ही चालत नाहीत. शिसं असलेली काच भरून चिरा बुजवलेलं माणिक असेल तर त्याला लिंबाचा रससुद्धा खातो.

मांजराकाठची

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी. २० कॅरेटचं मला खरंच ठाऊक नव्हतं.

अजून एक विचारते. लाल खडा काच निघाला तर त्याच्या जागी अकीक बसवावा का? आपल्याच काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत अकीक तयार होतो. पैठणहून दोन हजार वर्षांपूर्वी असले दगड गाड्यांत भरून भडोचला जायचे आणि तिथून रोमला, असं वाचलंय. आपल्या मातीतला दगड लेकीच्या गळ्यात असावा असं वाटतं, आणि तो कुणाचं रक्त सांडून आलेला नसेल.

खडेवाली

ताई, कल्पना सुंदर आहे, पण इथं मला थांबवावं लागतंय. आज बाजारात मिळणारा बराचसा घासलेला अकीक गुजरातेत खंभातला पैलू पाडून येतो. तिथं कोरड्या चाकावर दगड घासताना उडणारी धूळ श्वासातून जाऊन घासणाऱ्यांना सिलिकोसिस होतो. फुप्फुस दगडासारखं होतं आणि त्यावर उपाय नाही. हिऱ्याचं मोठं नाव होतं म्हणून २००३ साली किंबर्ली प्रक्रिया आली. तीही कच्च्या हिऱ्यातून बंडखोरांच्या लढाईला पैसा जातो का एवढंच बघते, कामगाराची मजुरी आणि छाती ती बघत नाही. अकीकाकडे तर कुणी तेवढंही बघत नाही. स्वस्त दगड म्हणजे निर्मळ दगड असं नसतं. तुमच्या लेकीला जे हवंय ते नवा दगड न घेण्यानंच साधतं. काच असली तर काचच बसवा. ती आज्जीच्या कानातली आहे.

जालनेकर

सहमत. तोच विचार कारागिराच्या बाबतीतही करा. काकांना विचारा, जोड कशानं देता. केडीएम म्हणून जो जोड चालायचा त्यात कॅडमियम असायचं, त्याची वाफ जोड देणाऱ्याला विष आहे. आता बिनकॅडमियमचा डाग, म्हणजे जोडासाठी वितळवायचा मिश्रधातू, मिळतो, तोच वापरायला सांगा आणि त्याचे पैसे जास्त लागले तर द्या. मजुरीवर घासाघीस करू नका. सहा दिवसांचं काम असेल तर सहा दिवसांची मजुरी. घट, म्हणजे घडवताना कमी होणारं वजन, मात्र आधी ठरवा. मी समोर बसायचो तेव्हा वडील काम संपलं की पाटाखालचा भुसा, कानशीचा कीस, सगळं पिसानं गोळा करून गिऱ्हाइकाला दाखवायचे. बाकी माती झारेकरी न्यायचा, ती धुऊन त्यातलंही सोनं निघायचं. तेव्हा "घट" म्हणून काय जातंय ते डोळ्यानं बघा.

लिहून काय घ्यायचं: लाखेसकट वजन, लाख काढल्यावरचं वजन, लगडीचं वजन, तयार दागिन्याचं वजन, उरलेला तुकडा. खड्याचं वजन वेगळं, ते कॅरेटमध्ये असतं, पाच कॅरेटचा एक ग्रॅम. हा कॅरेट शुद्धतेच्या कॅरेटहून वेगळा, यात बरेच जण फसतात आणि खडा सोन्याच्या भावात विकत घेतात.

आणि ताई, चाळीसच्या चाळीस मोडू नका. चार-सहा मणी तसेच ठेवा.

मांजराकाठची

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफी.

सहा मणी बाजूला काढले, चीर न गेलेले. चौतीस मण्यांचं वजन लाखेसकट १८.२०० भरलं. काकांनी ते लोखंडी पळीत घेऊन शेगडीवर धरले. आधी कडेनं तपकिरी फेस आला, मग लाख पेटली आणि दुकानभर करपलेल्या गोंदासारखा उग्र वास सुटला. मणी काळे ठिक्कर पडले. माझ्या पोटात कालवलं. काकांनी ते धुऊन वाळवून तराजूत टाकले, १२.४६०. मग टाकणखार घालून मुशीत. पाच-सात मिनिटांत मुशीच्या तळाशी एक लालसर-पिवळा थेंब थरथरायला लागला. चौतीस मणी आणि एवढासा थेंब. लगड भरली १२.३८०.

केंद्रात तुकडा तपासला, ८३.६ आलं. जालनेकर दादा, तुमचे उपकार. काकांनी ओळखीच्या एका नोंदणीकृत सराफाशी बोलणं केलंय, त्यांच्यामार्फत चेन आणि पदक २० कॅरेटच्या शिक्क्याला जाईल. मजुरी काकांनी सांगितली तेवढीच कबूल केली. चिठ्ठीवर आतापर्यंतची तिन्ही वजनं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली.

खडा भाच्यानं मुंबईला तपासायला दिला होता. अहवाल आला, कृत्रिम माणिक. लेकीला फोन केला तर म्हणाली, "म्हणजे खाणीतला नाहीच, मग तर तोच बसव." तोच बसवतोय.

आता एकच अडचण उरलीय. चेनच्या कड्यांना जोड द्यायला जो डाग लागतो, तो काका याच लगडीतून थोडं सोनं काढून त्यात चांदी-तांबं वाढवून करणार आहेत, बाहेरचा नको म्हणून मीच सांगितलं. पण कड्या बारीक, जोड पुष्कळ. शिक्क्याच्या तपासणीत पूर्ण नगाची शुद्धता बघतात ना? मग जोडांमुळे ८३.६ चं ८३.३ च्या खाली जाईल का? जालनेकर दादा, चेन सोमवारी झाळायला घेणार आहेत. त्याआधी तेवढं सांगाल का? कड्या मोठ्या करून जोड कमी करायचे असतील तर लेकीला तसं विचारून ठेवते.

जालनेकर

हो, ताई, तुमची शंका बरोबर आहे, ०.३ चीच जागा आहे. कड्या मोठ्या घ्या आणि डाग चिमटीनं, कणाकणानं लावायला सांगा. चांदी-तांबं कमी घातलं तर डाग उशिरा वितळतो, हात सांभाळून काम करावं लागतं, पण जुन्या माणसाला ते जमतं. झाळून झाल्यावर पदक बसवायच्या आधी नुसती चेन मशीनवर दोन-तीन जोडांपाशी तपासून घ्या. कमी दिसलं तर तेव्हाच दुरुस्त करता येईल. मी उद्या संध्याकाळी मोकळा आहे, काकांचं माझ्याशी बोलणं करून द्या, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवतो.