मृत्युपत्र असलं तरी बहिणीचा वाटा आहेच

एक प्रश्न आलाय: वडिलांनी गोव्यातल्या शिरोड्याचं घर मृत्युपत्राने थोरल्याला दिलं, मग लग्न झालेल्या बहिणीला काही मिळेल का? मिळेल. गोव्यात वारसाहक्काला 2012 चा आपला वेगळा कायदा आहे, मूळ पोर्तुगीज वळणाचा. आईवडिलांनी लग्नाआधी मालमत्तेचा वेगळा करार केला नसेल तर अर्धं घर मुळात आईचंच. उरलेल्यातही निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. बाकीचं सगळ्या मुलांचं. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, भावाचंच नाव आहे म्हणून दचकू नका, तो मालकीचा कागद नव्हे. मात्र ‘जरा एक सही कर गो’ म्हणत कुणी नोटरीकडे नेलं तर आधी कागद वाचा. हक्कसोड असेल तर नवऱ्याचीही सही लागते. पटत नसेल तर सरळ दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा अर्ज, घाला.