ग्रीक 'नूस' : मन, बुद्धी की आणखी काही?

दौत-टाक :
बायबलच्या नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांवरच्या टिपणांचं मराठी करणं चालू आहे. शेवटी शब्दसूची आहे आणि तिच्यात एका ग्रीक शब्दासमोर एकच मराठी शब्द हवा, अशी अट आहे. 'नूस'पाशी गाडी अडली. प्रचलित मराठी बायबलात रोमकरांस १२:२ ला (रोमकरांस पत्र, अध्याय १२, वचन २) 'आपल्या मनाच्या नवीकरणाने' असं आहे, तिथं मूळ शब्द नूस. मत्तय २२:३७ ला 'पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने व पूर्ण बुद्धीने' आहे. पण तिथलं मन म्हणजे कार्दिया (हृदय) आणि बुद्धी म्हणजे दियानोइया (विचारशक्ती). नूस तिथं नाहीच. फिलिप्पैकरांस ४:७ ला 'सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडे असलेली' शांती आहे, तिथं पुन्हा नूस. म्हणजे 'मन' दोन ग्रीक शब्दांचं ओझं वाहतंय आणि नूस दोन मराठी शब्दांत वाटला गेलाय. सूचीत काय लिहू?

तिरकस :
मन. पुढचा प्रश्न घ्या.

अव्यय :
इतकं सोपं नाही. नव्या करारात नूस २४ वेळा येतो : पौलाच्या नावावरच्या पत्रांत २१ वेळा, लूकमध्ये एकदा, प्रकटीकरणात दोनदा. चोवीसच्या चोवीस जागा कागदावर उतरवा, प्रत्येक ठिकाणी 'मन' घालून वाक्य मोठ्यानं वाचा आणि ग्रीक न येणाऱ्या माणसाला काय समजलं ते विचारा. १ करिंथकरांसच्या चौदाव्या अध्यायात 'मन' तोंडघशी पडतं. पौल म्हणतो, अन्य भाषेत प्रार्थना करताना माझा आत्मा प्रार्थना करतो, पण माझा नूस 'आकार्पोस', म्हणजे फळ न धरलेला राहतो. तिथं 'माझं मन निष्फळ' लिहिलंत की वाचक समजणार, याचं प्रार्थनेत मन लागत नाही, लक्ष उडालंय. पौलाचं म्हणणं तसं नाही. प्रार्थना मनापासून चालली आहे, फक्त अर्थ हाती लागत नाही. म्हणून तर १६व्या वचनात तो विचारतो, की शेजारच्यानं 'आमेन' म्हणायचं ते कशाला? पुढं १९व्या वचनात नूसने बोललेले पाच शब्द हजारो अनाकलनीय शब्दांपेक्षा बरे, असं येतं. 'मनाने पाच शब्द' लिहून बघा. मराठीत 'मनानं केलं' म्हणजे कुणाला न विचारता केलं, आणि 'मनचं सांगतोय' म्हणजे रचून सांगतोय. अर्थाची पार उलटापालट.

उंबरठा :
मग सगळीकडे बुद्धी? रोम १२:२ ला 'बुद्धीचे नवीकरण' वाचलं की उजळणी वर्ग डोळ्यांसमोर येतो. रोम १४:५ घ्या : कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, तर ज्याची त्याची आपापल्या नूसमध्ये खात्री असावी. मराठीत खात्री मनाची होते. 'बुद्धीची खात्री झाली' असं कुणी म्हणत नाही. लूक २४:४५ ला येशू शिष्यांचा नूस उघडतो. तिथं 'बुद्धी उघडली' म्हणजे काय झालं?

अव्यय :
'मन उघडलं' तरी काय आहे? मराठीत आपण आपलं मन दुसऱ्यापुढं उघडं करतो, म्हणजे गुपित सांगतो. इथं भलतंच चाललंय. त्याच अध्यायात 'दियानोइगो' हे एकच क्रियापद तीनदा आहे : ३१व्या वचनात डोळे उघडले, ३२व्यात शास्त्र उघडलं, ४५व्यात नूस उघडला. तिन्हीकडं 'उघडणे' ठेवाल तरच ती साखळी दिसेल. एका जागी 'उलगडणे' आणि दुसऱ्या जागी 'समज देणे' केलंत की तुटली.

पारावरचा :
एक बाळबोध शंका. नूस आणि गोव्याकडचं नुस्तें, काही नातं? ख्रिस्ती लोकांची खूणही मासाच होती ना.

तिरकस :
जेवायची वेळ झालेली दिसते.

वसईकर :
मासळी बाजूला ठेवा. मला या चर्चेत 'कस' दिसतो. रोम १:२८ मधला शब्दखेळ बघा. 'दोकिमाझो' म्हणजे नाणं किंवा धातू पारखून घेणं. १ पेत्र १:७ मध्ये अग्नीनं पारखलेल्या सोन्यासाठी हेच क्रियापद आहे. त्यातूनच 'आदोकिमोस', पारखीत खोटा ठरलेला. पौल लिहितो, की देवाची ओळख बाळगावी हे त्यांच्या पारखीला उतरलं नाही (ऊक एदोकिमासान), म्हणून देवानं त्यांना आदोकिमोस नूसच्या हवाली केलं. सराफाच्या भाषेत : 'देव त्यांच्या कसाला उतरला नाही, म्हणून देवानं त्यांना कसाला न उतरणाऱ्या बुद्धीच्या हाती दिलं.' तिथं 'विपरीत', 'भ्रष्ट' असले शब्द घातले की अर्थ कळतो, पण खेळ मेला. आणि हा खेळ पुढं १२:२ ला पुरा होतो : नूस नवा झाला की देवाची इच्छा काय ते तुम्ही 'दोकिमाझेइन' करू शकाल, म्हणजे पुन्हा पारख. पहिल्या अध्यायात खोटं ठरलेलं नाणं बाराव्यात स्वतःच कसोटीचा दगड होतं. म्हणून माझ्या मते नूस म्हणजे पारखणारं मन. भावना येतात त्या कार्दियात, आणि कार्दियात विचारही येतात. पण खरं-खोटं, योग्य-अयोग्य निवडण्याचं काम नूसचं.

दौत-टाक :
सूचीत 'पारख' लिहू?

वसईकर :
लिहू नका. 'ख्रिस्ताची पारख' म्हटलं तर ख्रिस्तालाच पारखायला निघाल्यासारखं होईल. १ करिंथ २:१६, 'आपल्याला तर ख्रिस्ताचे मन आहे.'

अव्यय :
त्या वचनात आणखी एक पेच आहे. पौल तिथं यशया ४०:१३ उद्धृत करतोय. हिब्रूत तिथं शब्द आहे 'रुआख', म्हणजे आत्मा, वारा, श्वास. सेप्टुआजिंटच्या, म्हणजे जुन्या ग्रीक भाषांतराच्या कर्त्यांनी त्याचं 'नून किरिऊ' केलं, प्रभूचा नूस. पौलानं ग्रीक पाठ उचलला, पण आधीची सहा-सात वचनं तो आत्म्याबद्दलच बोलत होता. म्हणजे त्याच्या डोक्यात दोन्ही शब्द वाजत असणार. आपण 'मन' म्हटलं की 'ख्रिस्ताचं मन फार मोठं' अशा वळणावर वाचक जातो. तिथं विषय मायेचा नाही. देवाचा बेत ओळखण्याचा आहे.

तिरकस :
संस्कृत हाताशी असताना ही ओढाताण कशाला? कठोपनिषदात बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. प्लेटोही नूसला आत्म्याचा सुकाणूधारी म्हणतो. लगाम कुठं, सारथी कुठं! नूस म्हणजे बुद्धी, विषय संपला. बोलीत लोक 'मन' कसंही वापरतात म्हणून पारिभाषिक शब्द ढिला सोडायचा नसतो.

उंबरठा :
सांख्यात बुद्धी म्हणजे महत्, प्रकृतीचा पहिला विकार आणि जड. ते सगळं लेबल पौलाच्या गळ्यात अडकवणार? आणि पौलाचा नूस काही उच्चासनावर बसलेला नाही. कलस्सैकरांस २:१८ मध्ये 'देहाचा नूस' आहे, त्याच्यामुळं माणूस फुगतो. तीत १:१५ मध्ये नूस विटाळलेला आहे. तुमचा सारथी इथं दारू पिऊन रथावर बसलाय.

तिरकस :
बुद्धीही भ्रष्ट होतेच की. 'विनाशकाले विपरीतबुद्धिः' माहीत असेल.

उंबरठा :
माहीत आहे. पण पंडिता रमाबाईंना तुमच्या-आमच्यापेक्षा संस्कृत जास्त येत होतं, तरी हिब्रू-ग्रीकवरून मराठी करताना त्यांनी देवळा-दर्शनांतले शब्द टाळून साध्या माणसाला कळेल अशी भाषा धरली. ते बायबल १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून निघालं, त्या गेल्यानंतर. शब्द कुणासाठी निवडायचा हा प्रश्न तेव्हाही होताच.

पारावरचा :
नुस्त्याचं राहू द्या, पण 'नूस' आणि 'ज्ञान' तरी? दोन्हीत न आहे.

अव्यय :
नुसता न असून भागत नाही. 'ज्ञा'चं ग्रीक भावंड म्हणजे 'गिग्नोस्को', जाणणे. नूसचं जुनं रूप 'नोओस', होमरमध्ये तेच आहे, आणि त्याची व्युत्पत्ती पक्की लागलेली नाही. गंमत 'मन'ची आहे. संस्कृत 'मनस्' आणि ग्रीक 'मेनोस' हे अक्षरशः एकच शब्द, पण मेनोसचा अर्थ आवेश, जोर, लढाईतला त्वेष. लॅटिन 'मेन्स'चं जुळं भावंड आपली 'मति'. म्हणजे मनाचा ग्रीक चुलतभाऊ आहे तो मुळी नूस नाहीच.

वसईकर :
मग 'मती' का नको? मती गुंग होते, मती फिरते. १ करिंथ १:१० ला 'एकाच नूसमध्ये' जोडलेले असा आणि लगेच 'एकाच ग्नोमेमध्ये', म्हणजे मतामध्ये, असं आहे. 'एकमती आणि एकमत', छान बसतं.

दौत-टाक :
तिथं बसतं. २ थेस्सलनीका २:२ ला? प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय अशा अफवेनं 'नूसपासून हलू नका'.

वसईकर :
'लगेच चळू नका.' मराठीत चळतं ते डोकंच, शब्द वेगळा द्यायची गरज नाही.

अव्यय :
आणि शब्दसूचीत तेच जमत नाही! वाक्यात विरघळवलेला शब्द सूचीत कसा धरायचा? जाता जाता : सूचीत फक्त 'नूस' देऊ नका. नव्या करारात तो 'बूस', म्हणजे बैल, या शब्दासारखा चालतो : षष्ठीला 'नोओस', चतुर्थीला 'नोई', द्वितीयेला 'नून'. रोम १२:२ ला 'तू नोओस' आहे. एकच रूप दिलंत तर मूळ पाठाशी ताडून बघणाऱ्याला निम्म्याहून जास्त जागा सापडणार नाहीत.

उंबरठा :
मी दोन शब्दांच्या बाजूनं. नूस कर्ता किंवा साधन असेल, म्हणजे समजतो, मोजतो, बोलतो, तिथं बुद्धी : १ करिंथ १४, आणि प्रकटीकरण १३:१८, जिथं श्वापदाची संख्या मोजायचीय. नूस बदलतो, विटाळतो, खात्री धरतो, तिथं मन. वुल्गाता या जुन्या लॅटिन बायबलानंही दोन शब्द वापरले : रोम १२:२ ला 'सेन्सुस', १ करिंथ १४:१४ ला 'मेन्स'. दीड हजार वर्षं पश्चिमेचं त्यावर भागलं.

तिरकस :
भागलं कसलं! वुल्गातानं 'मेतानोएइते'चं, म्हणजे 'वळा, मन फिरवा' या हाकेचं, 'पेनितेन्तियाम आगिते' केलं आणि लोक ते 'प्रायश्चित्त करा' असं वाचत बसले. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसनं १५१९ च्या आवृत्तीतल्या आपल्या लॅटिन भाषांतरात 'रेसिपिस्किते', शुद्धीवर या, असं घातलं. ल्यूथरच्या १५१७ च्या पंचाण्णव मुद्द्यांतला पहिलाच याच शब्दावर होता. मेतानोइयाच्या पोटात नूसच आहे, आणि आपण तिथं काय लिहितो? पश्चात्ताप! 'मेता'ला पश्चात् चालवून घेऊ, पण 'नोइया'चा ताप कुणी केला?

वसईकर :
पस्तावा वेगळा आहे हे खरं. मत्तय २७:३ ला येशूला धरून देणाऱ्या यहूदाला होतं ते 'मेतामेलोमाइ', मेतानोएओ नव्हे. तो हळहळला, वळला नाही. मराठीत दोन्हीकडं पस्ताव्याचीच शब्दकुळी आली की हा फरक दिसेनासा होतो.

उंबरठा :
'मनपालट' म्हणा.

तिरकस :
म्हणजे शेवटी नूस म्हणजे मनच झालं! पहिल्याच ओळीत सांगितलं होतं.

उंबरठा :
तुम्ही मध्ये बुद्धी म्हणत होतात.

अव्यय :
'मनपालट'चा धोका असा, की मराठीत मन पालटतं ते पावसासारखं : सकाळी हो, संध्याकाळी नाही. मेतानोइया म्हणजे आयुष्याची दिशा फिरणं. मागं हिब्रू 'शूव', परत फिरणे, उभं आहे. आणि दौत-टाक, 'मन' सूचीत घालणार असाल तर टीप जोडाच, कारण हा फरक एके काळी जिवावर बेतलेला आहे. चौथ्या शतकात सीरियातल्या लावदिकीयाचा बिशप अपोलिनारिस म्हणू लागला, की ख्रिस्ताला देह माणसाचा होता पण मानवी नूस नव्हता, त्या जागी देवाचा शब्द होता. नाझियान्झसच्या ग्रेगरीनं उत्तर दिलं : जे धारण केलं नाही, ते बरं झालं नाही; बिघडलाय तो नूसच, तो वगळून तारण कसलं? ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत ते मत धिक्कारलं गेलं. 'ख्रिस्ताला मन नव्हतं' असं मराठीत वाचणारा समजेल, ख्रिस्त निर्दय होता.

पारावरचा :
आणि 'बुद्धी नव्हती' असं लिहिलं तर?

अव्यय :
ते त्याहून वाईट. म्हणून तिथं 'मानवी नूस' असाच ठेवायचा. ईस्टर्न ऑर्थोडॉक्स ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांतही पुष्कळदा मूळ शब्दच ठेवतात, कारण तिकडं नूस म्हणजे हृदयाचा डोळा, देवाला थेट पाहणारा. तर्काला त्यांचा शब्द वेगळा आहे, दियानोइया.

दौत-टाक :
पण त्या मत्तय २२:३७ मध्ये दियानोइयालाच आपण बुद्धी म्हटलंय, आणि ती आज्ञा मुळात जिथं आहे त्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' पुस्तकाच्या ६:५ च्या हिब्रूत तर तो चौथा शब्द नाहीच, तीनच आहेत : लेवाव (हृदय), नेफेश (जीव), मेओद (शक्ती).

अव्यय :
चौथा मार्कमध्ये आहे, १२:३०. मत्तयात तीनच, पण 'शक्ती' गाळून 'दियानोइया' आलाय. हिब्रूत विचार करायचं काम हृदयच करतं. ग्रीक वाचकाला 'कार्दिया' एवढ्यानं तो विचार कळेना, म्हणून जोडशब्द घातला असावा. तुमची सूची नूससाठी आहे, ते वचन उदाहरणातून काढून टाका. गलती ३:१ घाला : 'आनोएतोइ', नूसशी सोयरीक असलेला शब्द, आणि मराठीत 'बुद्धिहीन गलतीकरांनो' अगदी चपखल बसलंय.

पारावरचा :
गलतीकर! नावातच चूक.

तिरकस :
चुकांवरून आठवलं. वर कुणीतरी 'बुद्धीहीन' लिहून मग दुरुस्त केलेलं दिसतंय. सुटा शब्द असेल तर 'बुद्धी' दीर्घ, समासात पूर्वपदी ऱ्हस्व : बुद्धिहीन, बुद्धिसामर्थ्य, बुद्धिभेद. आणि 'पश्चात्ताप'मध्ये दोन त. 'पश्चाताप' लिहिणाऱ्यांना सूचीत जागा देऊ नका.

उंबरठा :
'मतिभ्रम' ऱ्हस्व आणि 'मती गुंग' दीर्घ, हे सामान्य माणसानं कुठवर लक्षात ठेवायचं? दोन्ही चालू द्या.

तिरकस :
दोन्ही चालू देऊन देऊनच नूसचं हे झालंय.