मदत हवी आहे: ५ जुलैच्या उपासनेत ध्वजाची शपथ घ्यावी का?

नगरकर_न्यूजर्सी
येत्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे पूर्ण होत असून, दुसऱ्या दिवशीच्या रविवारच्या उपासनेत आमच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) तो दिवस साजरा करावा असे ठरले आहे. उपासनेचा क्रम लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे आणि तो गुरुवारी छापायला जाणार आहे. आरंभी ध्वज आत आणून सर्वांनी उभे राहून निष्ठेची शपथ म्हणावी, असे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या काही पंचांचे मत आहे. बाकीच्यांना ते मुळीच मान्य नाही. दोन बैठका होऊनही निर्णय झालेला नाही. ज्यांच्या मंडळीत हा प्रश्न आला आहे त्यांनी नेमके काय केले, एवढेच कृपया लवकर सांगावे.

ओहायोची_मावशी
आपली मंडळी कोणत्या पंथाची, इमारत स्वतःची की दुसऱ्यांची, उपासना मराठीत होते की इंग्रजीत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. येणाऱ्यांत नागरिक किती, हे कळल्याशिवाय शपथेविषयी कोणी काय सांगावे? आमच्याकडे उपासना नेहमीसारखीच होते आणि नंतर बाहेर हिरवळीवर शेगडीवरचे चिकन, मक्याची कणसे आणि कोशिंबीर असे जेवण असते. सावलीची सोय मात्र आधीच करावी. गेल्या वर्षी वयस्कर मंडळींना उन्हाचा फार त्रास झाला.

जुना_वाचक
शपथ अवश्य घ्यावी. ती १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी या बॅप्टिस्ट पाळकांनीच लिहिली आणि देवाचा उल्लेख तिच्यात १९५४ मध्ये आला. जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन विदरस्पून हे तर आपल्याच न्यू जर्सीतले प्रेस्बिटेरियन पाळक होते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला पोहोचले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शुभवर्तमान त्यांच्याच हातून आले. त्या देशाचे ऋण उघडपणे मान्य करण्यात संकोच कसला?

सुरक्षित_सण
न्यू जर्सीत २०१७ पासून फुलबाज्यांना परवानगी आहे, पण आकाशात उडणारे फटाके खासगी व्यक्तींना आजही उडवता येत नाहीत. संडे स्कूलच्या मुलांना फुलबाज्या देणार असाल, तर पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात.

वसईकर
आम्ही कॅथलिक असल्याने आमचा अनुभव १५ ऑगस्टचा आहे. त्याच दिवशी पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण येतो, त्यामुळे मिस्सा (आमची उपासना) आणि ध्वजवंदन एकाच सकाळी असते. आमच्या धर्मग्रामात मिस्सेत देशासाठी प्रार्थना होते आणि झेंडा आवारात फडकतो. वेदी आणि ध्वजस्तंभ यांच्यात पन्नास पावलांचे अंतर आहे. ती पन्नास पावले सगळे मिळून चालतात आणि त्यात कोणालाच देशाचा अपमान वाटत नाही. आपणही तसेच करावे.

जुना_वाचक
वसईकर, आपले उदाहरण येथे लागू होत नाही. तेथे जन्मलेल्याला कोणी निष्ठा विचारत नाही. आम्ही बाहेरून आलेले आहोत आणि आम्ही या देशाला आपला मानतो हे शेजाऱ्यांना दिसले पाहिजे.

वसईकर
तेथेही विचारतात, आणि ख्रिस्ती माणसाला जरा जास्तच विचारतात. म्हणूनच म्हणतो की देवासमोर उभे असताना तरी कोणाला काही सिद्ध करावे लागू नये.

नगरकर_न्यूजर्सी
कृपया मूळ प्रश्नावर राहावे. फटाक्यांविषयी मी विचारलेले नव्हते. मावशींनी विचारले म्हणून सांगतो: इमारत एका अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीची आहे, आम्ही दुपारी तेथे मराठी उपासना घेतो आणि या रविवारी दोन्ही मंडळ्या सकाळी एकत्र बसणार आहेत. त्यांचा ध्वज व्यासपीठाच्या कडेला कायमच उभा असतो. आमच्यातले निम्मे लोक अजून नागरिक नाहीत आणि उन्हाळ्यात सात-आठ जणांचे आईवडील भारतातून आलेले आहेत. महिन्याचा पहिला रविवार असल्यामुळे प्रभुभोजन, म्हणजे सर्वांनी मिळून भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, आहेच.

ओहायोची_मावशी
प्रभुभोजन आहे, हे सर्वांत आधी लिहायला हवे होते. सगळे उभे राहून शपथ म्हणत असताना नगरहून आलेली एखादी आई बसून राहील, किंवा संकोचाने उभी राहून न समजलेले शब्द पुटपुटेल, आणि अर्ध्या तासाने तिलाच आपण सांगणार की या मेजावर आपण सारे एक आहोत. हे मला पटत नाही. शाळेतल्या मुलांवरही शपथेची सक्ती करता येत नाही, असे येथील सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्येच ठरवले आहे. मग देवाच्या घरात लाजेची सक्ती कशाला? शपथ हिरवळीवर, जेवणाआधी, ज्यांना म्हणायची त्यांनी मनापासून म्हणावी. उपासनेत बायबलमधील यिर्मया २९:७ वाचावे. ज्या नगरात पाठवले गेलात त्याचे हित चिंता आणि त्यासाठी प्रार्थना करा, हे वचन परदेशी नेलेल्यांनाच लिहिलेले आहे.

रोचेस्टरवासी
५ जुलै या तारखेचाही विचार व्हावा. १८५२ मध्ये ४ जुलै रविवारी आला होता, म्हणून गुलामगिरीतून सुटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी आमच्या गावात ५ जुलैला भाषण केले आणि गुलामाला या दिवसाचे काय, असा प्रश्न विचारला. ज्या चर्चांनी गुलामगिरीला आधार दिला त्यांना त्यांनी कठोर शब्द ऐकवले, पण जाहीरनाम्यातली तत्त्वे त्यांनी टाकून दिली नाहीत. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. १८८९ मध्ये या देशावर त्यांनी मराठीत जे पुस्तक लिहिले, त्यात येथील लोकसत्तेचे मनापासून कौतुक आहे आणि वर्णभेदाचा निषेधही आहे. आभाराच्या प्रार्थनेला पापांगीकाराची जोड द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुना_वाचक
पापांगीकार दर रविवारी असतोच. या एका दिवशी आभार थोडे मोठ्याने मानले तर बिघडणार नाही. प्रभुभोजनाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. तो मला ठाऊक नव्हता.

नगरकर_न्यूजर्सी
काल यजमान पाळकांशी बोललो. ध्वज आहे तेथेच राहील, मिरवणूक निघणार नाही. यिर्मयाचे वचन आधी मराठीत आणि मग इंग्रजीत वाचले जाईल, त्यानंतर पापांगीकार आणि १ तीमथ्य २ प्रमाणे अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना होईल. भारतासाठीची प्रार्थना पाहुण्या आजींपैकी एक जण करणार आहेत. साडेबारा वाजता हिरवळीवर शपथ आणि मग जेवण. दोन पंच अजून नाराज आहेत, त्यांच्याकडे आज संध्याकाळी जाणार आहे. मावशी, दीडशे माणसांना सावलीसाठी किती तंबू लागतील?