मदत हवी आहे: खेळाडूच्या कोर्ट केसबद्दल लिहिताना खात्री कशी करायची?

राजेहो, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून विचारून राहिलो. खेळावर लिहिणारे काही ब्लॉगर असे आहेत की एफआयआर झाली की लगेच खेळाडूले गुन्हेगार ठरवून मोकळे, चार्जशीट नाही, सुनावणी नाही, अन् आमच्याकडचे पोट्टे तेच खरं धरतात. क्रिकेटपटू श्रीसंतचं पाहा ना, 2013 मधे स्पॉट फिक्सिंगमधे (पैसे घेऊन सामन्यातला ठराविक भाग आधीच ठरवून खेळणं) अटक, 2015 मधे दिल्लीच्या कोर्टानं आरोपमुक्त केलं तरी क्रिकेट बोर्डाची आजन्म बंदी कायमच, ती सुप्रीम कोर्टानं 2019 मधे रद्द करून बोर्डाले शिक्षेचा फेरविचार करायले सांगितलं तेव्हा कुठं बंदी 7 वर्षांवर आली. म्हणजे कोर्टाची केस वेगळी, बोर्डाची कारवाई वेगळी, हे नीट लिहिते कोण?

मी गावातल्या पोरांसाठी खेळाचं पेज चालवतो, मले अर्धवट काही टाकायचं नाही, कोणाची जिंदगीभराची बदनामी होते. ई-कोर्ट्सवर (कोर्टाच्या केसेसची सरकारी वेबसाइट) तारीख दिसते पण ऑर्डर सगळी वकिली इंग्रजीत. कोणी वकील, पत्रकार असाल तर सांगा भाऊ, ताई: जामीन नामंजूर झाला तर नेमकं काय लिहावं? अन् नुसतं "सूत्रांनुसार" लिहिलेलं असलं तर ते कितपत धरायचं?