पार्ल्यातली 12 बिऱ्हाडांची जुनी इमारत: पागडी आणि लिव्ह-लायसन्स एकत्र कसं सांभाळायचं?

पूर्वेची_गच्ची (प्रश्न)

विलेपार्ले पूर्वेला तळमजला अधिक दोन मजले, 12 बिऱ्हाडं, बांधकाम 1968 चं. पाच पागडीची (कायद्याचं संरक्षण असलेले जुने भाडेकरू), सात लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या करारावर). इमारत एकाच मालकाची, सोसायटी नाही.

1. तीन करार ऑगस्टमध्ये संपतात. 4 टक्के वाढ सगळ्यांना लागू होते का?
2. दुसऱ्या मजल्याच्या दोन न्हाणीघरांखाली पहिल्या मजल्याचं छत ओलं आहे. शिवाय दुसऱ्या मजल्यावर सकाळी नळाला दाबच नसतो.
3. कंत्राटदार म्हणतो, गच्चीवर जुन्या कोब्यावरच (पाणी झिरपू नये म्हणून टाकलेल्या थरावरच) नवा कोबा टाकू. टाकावा का?

कागद_पक्का

आधी दोन फायली वेगळ्या करा, कारण या दोन प्रकारच्या बिऱ्हाडांचे नियमच वेगळे आहेत. वर्षाला 4 टक्के वाढ ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधली, म्हणजे पागडीवाल्यांसाठी. लायसन्सवाल्यांचं शुल्क करारात लिहाल तेवढं. पागडीवाल्यांना भाड्याची पावती दर वेळी दिलीच पाहिजे, ती टाळणं गुन्हा आहे. इमारतीत सुधारणा किंवा रचनेत बदल केला तर त्याच्या खर्चाच्या 15 टक्क्यांपर्यंत वार्षिक वाढ मागता येते, पण त्याला 70 टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. ती काम सुरू होण्यापूर्वी घ्या. काम झाल्यावर सही द्यायला कोणी पुढे येत नाही.

लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत समोरच्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. एवढ्या एका चुकीमुळे घर अडकतं. खर्च फार नाही: महिना 30,000 आणि अनामत 1,00,000 धरून 11 महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क 0.25 टक्क्याने साधारण 850 रुपये (अनामतीवर 10 टक्के व्याज धरून) आणि मुंबईत नोंदणी शुल्क 1,000. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन त्याच आठवड्यात भरा.

ऑगस्टचे तीन करार जूनमध्येच हाती घ्या. मुदत संपूनही माणूस राहत असेल तर 'भाडे मिळाले' अशी पावती देऊ नका. त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, म्हणून हा मार्ग नेहमीच्या दाव्यापेक्षा जवळचा. पण हातात नोंदणीकृत करार नसेल तर तो वापरणं अवघड.

नहाणी_ट्रॅप

गळतीत पैसे वाया जातात ते निदान न करता टाइलचे सांधे भरल्यामुळे. आधी बघा पाणी कधी पडतं. रात्रंदिवस सारखं पडत असेल तर त्या न्हाणीघराचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. थांबलं तर दोष आत गाडलेल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनचा. अंघोळीनंतर वाढत असेल तर ट्रॅप (लादीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) किंवा टाइल. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा बिडाच्या पाइपचे सांधे, आणि तिथे पिंपळ उगवलाय का तेही पाहा. पिंपळ नुसता छाटू नका, मूळ काढल्याशिवाय तो पुन्हा फुटतो आणि सांधा उघडतो.

ट्रॅपचा संशय असेल तर तोंड घट्ट बंद करून लादीवर दोन इंच पाणी 24 तास उभं करा. दोन्ही न्हाणीघरांची चाचणी एकाच दिवशी घेऊ नका, नाहीतर दोषी कोण ते कळणार नाही. पाणी खाली आलं तर वरवरचं सांधे भरणं चार-सहा महिने टिकेल, जास्त नाही. लादी उखडा, खालचा विटांचा भराव काढा, जुना ट्रॅप बदला, वॉटरप्रूफिंग भिंतीवर एक फूट चढवा आणि टाइल बसवण्यापूर्वी पुन्हा पाणी उभं करून बघा. कंत्राटदार घाईत ही दुसरी चाचणी गाळतात. शेवटचा हप्ता तिच्यावर बांधा.

खालच्या छताचं प्लास्टर सुटलं असेल तर गंजलेली सळई उघडी करून घासा, गंजरोधक लावा आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा. साधं सिमेंट पुढच्या पावसाळ्यात परत पडतं.

दाबाचं गणित सोपं. टाकीपासून एक मीटर खाली म्हणजे 0.1 बार. तुमचा दुसरा मजला टाकीला अगदी जवळ, म्हणून त्याच्या वाट्याला मुळातच कमी. तिन्ही मजले एकाच डाउनटेकवर (टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर) असतील तर खाली नळ उघडले की वर थेंब येत नाही. दुसऱ्या मजल्याला टाकीतून स्वतंत्र जाड लाइन द्या आणि व्हॉल्व्हनंतर हवा जायला उभा व्हेंट ठेवा, तोंड टाकीच्या पातळीच्या वर. जुन्या जीआय लाइनवर थेट प्रेशर पंप बसवू नका, गंजलेले सांधे फुटतात.

आणि टाकी पुरेशी आहे का? 54 माणसं धरली तर दिवसाला 135 लिटरप्रमाणे साधारण 7,300 लिटर. दोन पंप ठेवा, आलटून-पालटून चालवा.

कोब्यावर कोबा अजिबात नको. चार इंचांच्या थराचं वजन चौरस मीटरला सुमारे 200 किलो होतं आणि स्लॅब 1968 चा आहे. जुना काढून उतार नीट करा. काम मे महिन्यातच पूर्ण व्हायला हवं.

पूर्वेची_गच्ची

मनापासून आभार. एका पागडीवाल्याचं आठ महिन्यांचं भाडं थकलंय. त्याचं पाणी बंद केलं तर चालेल? आणि या दुरुस्तीची बिलं आयकरात दाखवता येतात का?

कागद_पक्का

पाणी, वीज, दिवाबत्ती बंद करायची नाही, तो गुन्हा आहे आणि थकबाकीदाराच्या हातात तुमच्याविरुद्ध पुरावा जातो. लेखी मागणी नोटीस द्या. ती मिळाल्यापासून 90 दिवस झाल्याशिवाय लघुवाद न्यायालयात दावा लावता येत नाही. उलट दुरुस्तीत तुम्ही ढिलाई केली तर भाडेकरू 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः काम करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. म्हणून गळतीची तक्रार आली की त्याला तारीख घालून पोच द्या.

आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला पालिका कर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. दुरुस्तीची बिलं त्या 30 टक्क्यांत धरलेली असतात, वेगळी वजावट नाही. पालिका कर मात्र ज्या वर्षी प्रत्यक्ष भरला त्याच वर्षी मोजला जातो, थकवला तर नाही.

सळई_आणि_सिमेंट

उपनगरात असल्याने म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) दुरुस्ती मंडळाचा उपकर तुम्हाला लागू नाही, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला मंडळाचा आधारही नाही. इमारत 30 वर्षांपलीकडची, त्यामुळे पालिकेच्या नोंदणीकृत अभियंत्याकडून स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) लागतंच. वर्गवारी बघा: सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती, सी-2बी म्हणजे मोठी पण रिकामी न करता, सी-2ए म्हणजे काही भाग रिकामा करून, सी-1 म्हणजे धोकादायक. कोब्याचा निर्णय अहवाल आल्यावरच घ्या. त्याच फेरीत अभियंत्याकडून प्रत्येक बिऱ्हाडाचं चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) मोजून नकाशावर भाडेकरूची सही घ्या. पुनर्विकासात कोणाला किती जागा, हा वाद पुढे याच कागदावर सुटतो.